वळणाचा तिवडा

आमच्या माळवस्तीला रस्ता नव्हता, गाडीवाट होती. ज्याच्याशी भांडण चालू असेल त्याच्या बांधाला टाळून ती जायची. भांडणं दरवर्षी बदलायची, म्हणून वाटही दरवर्षी बदलायची. सातारा जिल्ह्याची हद्द आणि सांगली संस्थानाची हद्द आमच्याकडे एकमेकींत अशी घुसली होती की आमचा बैल एका राज्यात चरायचा आणि दुसऱ्या राज्यात शेण टाकायचा. बैलाला त्याचं काही वाटत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. कवठे महांकाळचा बाजार गाठला की झालं, एवढीच आमची अपेक्षा.

तर अशा ठिकाणी सत्तेचाळीस सालच्या शाळवाच्या सुगीत, खळ्यावर बैलांची पात फिरत असताना, सायकलवरून एक ओव्हरसियर आला. रामगोंडा त्याचं नाव. सांगलीकडचा जैन, अंगानं किरकोळ, डोक्यावर मोठी टोपी. बरोबर दोन गडी, एक साखळी आणि तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण. कवठ्याहून येणारा रस्ता सरळ रेषेत आमच्या वस्तीपर्यंत आणायचा आणि पुढं दुसऱ्या सरळ रेषेत तासगावच्या बाजूला न्यायचा, असा हुकूम होता. माणूस कामाचा होता. बोलायचा मात्र तोलून-मापून, शब्दाला पैसे पडत असल्यासारखा.

त्यानं दोन्हीकडून खुंट्या मारत आणल्या. दोन सरळ रेषा जिथं एकमेकींना भेटल्या ती जागा निघाली ओढ्यापलीकडच्या खडकात. तिथंही त्यानं खुंटी मारली. मग मागं येऊन, ओढ्याच्या अलीकडं, दोन्ही रेषांवर एकेक लाल खुंटी ठोकली आणि म्हणाला, "रस्ता पलीकडच्या खुंटीला जाणार नाही. या लाल खुंटीपासून वळायला लागेल, त्या लाल खुंटीवर वळण संपेल."

नाथाजी म्हणून आमच्यात एक गृहस्थ होते. कुठल्याही गोष्टीत खोट काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते म्हणाले, "जायाचंच न्हाई तर पलीकडं खुंटी मारली कशाला?"

रामगोंडानं त्यांच्याकडं पाहिलं, मग मावळतीकडं पाहिलं, आणि दुर्बीण पेटीत घातली.

हे मावळतीकडं पाहणं महत्त्वाचं आहे. रामगोंडा सूर्य बुडायच्या आत जेवायचा. दिवस मावळला की अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्याच्या घरचा नेम. जेवण कवठ्यात, एका जैनाच्या घरी. म्हणजे ऊन कलायला लागलं की हा माणूस सायकलवर. आणि आमचे लोक दिवसभर आपापल्या कामात; त्यांना प्रश्न सुचायचे ते नेमके ऊन कलल्यावर.

त्या दिवशी सायकलच्या पायडलवर त्याचा पाय असताना मानसिंगतात्यानं त्याला गाठलं. तात्या खेचरांच्या पलटणीतून ब्रह्मदेश बघून नुकता परतला होता. पलटणीत त्याच्या ताब्यात दोन खेचरं होती. परत आल्यावर त्यानं तोच ताबा सगळ्या वस्तीवर चालवायला घेतला.

"सायब, वळान केवढं हाय?"

"तीनशे फूट त्रिज्या."

"त्रिज्या म्हंजी?"

"मध्यापासून रस्त्यापर्यंतचं अंतर. या खुंटीपासून काटकोनात आत तीनशे फूट जा. तिथं मध्य."

"म्हंजी आमच्या वस्तीत?"

"असेल वस्तीत," असं म्हणून रामगोंडा सायकलवर बसला. साखळी तुमच्याकडं ठेवतो, पंधरवड्यात येतो, असं ओरडून सांगितलं आणि गेला. पंधरवडा कसला, तो उगवला थेट वैशाखात. मधल्या काळात आम्ही काय केलं ते त्याला कळलं असतं तर तो जेवण सोडून चार शब्द जास्त बोलला असता.

संध्याकाळी खळ्यावर सगळे जमले. मधोमध तिवड्याचा खांब उभा, त्याला बैल बांधलेले, पाचोळ्याचा वास सुटलेला. तात्या तिवड्याला टेकून बसला आणि म्हणाला, "गोल काडायचा म्हंजी तिवडा लागतो. तिवड्याबिगर गोल कुनी बगितलाय का?"

कुणी बघितला नव्हता. नाथाजींनीसुद्धा नव्हता, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

"सरकारचा गोल मोठा," तात्या म्हणाला, "तवा तिवडा बी मोठा. रस्त्यावर रूळ फिरवत्यात न्हवं, दगडाचा? तो रूळ तिवड्याला दोरीनं बांधत्यात. म्हंजी वळनावर वाकडा जात न्हाई. बर्मात लय बगितलं."

"आन मदल्या घरांचं काय?" नाथाजी म्हणाले. "दोरी घरांवरनं जानार?"

"वरनं जाती. सरकारची दोरी उंच असती."

यावर कुणी हसलं नाही. आज लिहिताना मला हसू येतं, पण त्या वेळी मीही मान डोलावली होती. आमच्या बापजाद्यांनी एवढंच वर्तुळ पाहिलेलं: मध्ये खांब, त्याला दोरी, दोरीला बैल. दुसऱ्या दिवशी उजाडताच तात्यानं वस्तीतले कासरे, सोल, मोटेचे नाडे गोळा केले. सगळ्यात लांब आणि धड नाडा चंद्राकाकीचा होता. तिनं तो काही न विचारता काढून दिला.

चंद्राकाकी ही तात्याच्या थोरल्या भावाची बायको. कोंडीबाकाका वारून सहा-सात वर्षं झाली होती. पोटी एक मुलगी, बनुबाई, ती लग्न होऊन गेलेली. मुलगा नाही. त्यामुळे काकीचं तीन खणांचं घर आज ना उद्या आपल्याकडं येणार, असं तात्याच्या मनात होतं. त्यातही त्याला 'उद्या'पेक्षा 'आज' जास्त आवडत होतं. दोन्ही घरं शेजारी-शेजारी, मध्ये एक बोळ. तात्याच्या घराला छप्पर सागवानी, काकीच्या घराला अंगण मोठं. तात्याला छप्पर होतंच, आता अंगण हवं होतं.

साखळीशी मोजून दोरांना गाठी मारल्या, बरोबर तीनशे फूट केले. तात्या पलटणीचे बूट घालून लाल खुंटीवर उभा राहिला, तोंड ओढ्यापलीकडच्या खुंटीकडं. मग स्वतःच स्वतःला हुकूम दिला, "दहिने मूड," आणि टाच आपटून उजवीकडं वळला. तसाच नाकासमोर चालत सुटला. मागं आम्ही दोर सोडत होतो. तो कुंपण ओलांडून गेला, उकिरड्यातून गेला, बिराप्पाच्या मेंढरांतून गेला, पण रेषा सोडली नाही. दोर संपला तेव्हा तात्या काकीच्या अंगणात, तुळशीपासून दोन हातांवर उभा होता.

त्यानं तिथंच बाभळीची खुंटी ठोकली. काकी जात्यावर बसली होती. ती दारात आली.

"वैनी," तात्या टोपी काढून म्हणाला, "वाईट वाटतंय. पर सरकारचा तिवडा हितं येतोय."

"हितं म्हंजी?"

"हितंच. घर जानार. आदीच रिकामं केलंसा तर बरं. आमच्या मागल्या गोठ्यात एक खन हाय, तुमाला रग्गड झाला. रिकामं झालं म्हंजी मग मी सरकारशी बोलतो."

काकीनं खुंटीकडं बघितलं, मग दोराकडं. दोराच्या टोकाला तिचाच नाडा होता.

"आवं भावजी," ती म्हणाली, "खळ्यातला तिवडा उपटून मळनी करत्यात व्हय? मधोमध हाय तर असंल माजं घर. मधोमध हाय म्हनून पाडायचं, ही कुटली रीत?"

"सरकारची रीत हाय."

"मग सरकार येऊन सांगंल." असं म्हणून तिनं दावणीचं शेरडू सोडलं आणि तात्याच्या खुंटीला आणून बांधलं.

इथं हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण नाथाजींना रात्रभर चैन पडली नाही. तात्याचं बरोबर निघालं याचं त्यांना दुःख होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोर मागितला आणि आपण स्वतः मोजणार म्हणाले. त्यांना 'दहिने मूड' ठाऊक नव्हतं. नांगर वळवताना माणूस जसा वळतो तसे ते वळले आणि गेले. दोर संपला तो तात्याच्या माजघरात. मानसिंगतात्याची बायको मनुबाई भाकरी थापत होती, तिच्या परातीशी नाथाजी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिवडा हितं."

मग वस्तीला नादच लागला. तीनशे फुटांचा दोर, पायाशी बोटभर वाकडं झालं की टोकाला घर बदलायचं. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्याच्या घरात तो मध्य नेऊन ठेवायचा. एकाचा मध्य दुसऱ्याच्या विहिरीत पडला. दोघा सख्ख्या भावांनी आळीपाळीनं एकमेकांच्या चुलीवर नेला. बिराप्पा मेंढक्याचं वस्तीत कुणाशीच वाकडं नव्हतं, तर त्याचा दोर उघड्या माळावर संपला, आणि त्याला सगळे हसले. आठ दिवसांत वस्तीत इतक्या खुंट्या झाल्या की अंधारात चालायची सोय राहिली नाही. शेवटी चार जाणत्यांनी बसून ठरवलं की पलटणीतल्या माणसाचा मध्य खरा धरावा, कारण वळायचं शिक्षण फक्त त्याला मिळालेलं आहे. आता काकीनं समजूतदारपणा दाखवावा, असंही ठरलं. समजूतदारपणा नेहमी बाईनंच दाखवायचा असतो, हे न बोलताच ठरलेलं होतं.

रोज कुणीतरी काकीच्या ओट्यावर येऊन बसू लागलं. एकटीला तीन खण कशाला, असं एकजण म्हणायचा. सरकारी कामात आडवं आलं तर वस्तीचं नाव जाईल, असं दुसरा म्हणायचा. काकी सगळ्यांना चहाऐवजी पाणी द्यायची. आमच्याकडं यापेक्षा मोठा अपमान नाही, पण तो कळायलाही थोडी अक्कल लागते.

मी तिचा नाडा परत द्यायला गेलो तेव्हा ती भिंतींना पांढरी माती देत होती. सण नव्हता, कार्य नव्हतं.

"काकी, पाडाया येनार म्हनत्यात, आन तुमी सारवताय?"

"पाडाया येनाऱ्याला लाज वाटाय पायजे की रं, आकाराम," ती म्हणाली आणि हात चालवत राहिली. मग एकदम थांबली. हाताची माती तिनं भिंतीलाच पुसली. "ही भिंत आमी दोघांनी वडली. मालक चिखल तुडवायचे, मी पानी वतायची. बनु पोटात हुती. लोकांम्होरं बोलतीया मी, पर मला लय भ्या वाटतंय. गोठ्यात जाऊन निजायचं म्हंजी मग ह्या वस्तीत मी कोन?"

तिचं म्हणणं खरं होतं. मुलगा नसलेल्या बाईची वस्तीतली जागा म्हणजे तिचं दार. ते गेलं की ती कुणाची तरी भावजय, कुणाच्या तरी गोठ्यातली. नाडा मी भिंतीतल्या खुंटीला अडकवला आणि बाहेर आलो. त्या दिवसापासून तात्याच्या त्या टाच आपटण्याचा मला राग यायला लागला.

पण गंमत बघा. काकीला भीती घालणाऱ्याच्या घरातच भीती शिरली होती. मनुबाईच्या डोळ्यांसमोरून परातीशी उभे राहिलेले नाथाजी जाईनात. ती रोज नवऱ्याला म्हणे, "तुमची खुंटी खरी म्हनता. आन सायबानं नाथाजीची खरी धरली तर? सरकार घर पाडंल, आन सागवान लिलावात घालंल. मग?"

तात्या बाहेर छाती काढून फिरायचा, पण सागवान म्हटलं की आत येऊन तुळया मोजायचा. त्या तुळया त्याच्या बापानं कुठून कुठून आणल्या होत्या. शेवटी एका सकाळी त्यानं घराची कौलं उतरवायला घेतली. विचारलं तर म्हणाला, वाळवी लागलीय, दुरुस्ती काढलीय. दोन गाड्यांत तुळया भरल्या आणि मनुबाईच्या माहेरी, कुपवाडला, मेव्हण्यांकडं ठेवायला पाठवल्या. सरकारचं काम उरकलं की परत आणायच्या असा बेत. तोवर उन्हाळाच होता. मांडवावर चार चिपाडं टाकून सगळं घर त्याखाली राहू लागलं. काकीला मात्र तात्या रोज बजावत होता, सरकार येतंय, वेळेवर हला.

वैशाखात रामगोंडा आला. सकाळी त्यानं दुर्बीण लावली तेव्हा निम्मी वस्ती भोवती उभी. पण तो डोळा काचेतून काढेना आणि तोंड उघडेना. तात्या दोनदा पुढं झाला, दोनदा गड्यांनी मागं सारला. काकी लांबून बघत होती. तिनं एकदा सावलीकडं बघितलं आणि तरातरा निघून गेली, ती थेट वाण्याच्या घरी.

आमच्या वस्तीचं दुकान एका जैन कुटुंबाचं होतं. दुकानदाराची बायको त्रिशला. काकी तिला म्हणाली, "बाई, तो वळसेर सायब, दुर्बीणवाला, तुमच्यातला हाय. दिस कलला की भुकंनं पळतोय, म्हनून कुनाशी धड बोलत न्हाई. त्याला तुमच्या हातचं जेवान करून देशीला? कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई, जसं तुमच्यात चालतंय तसं. पीठ, तूप, डाळ मी देती."

"तूप-डाळ ऱ्हाऊ द्या," त्रिशला म्हणाली. "पन काकी, त्याला ईचारनार काय?"

"एकच गोष्ट ईचारनार हाय. त्येचं पोट भरल्यावर."

इतके दिवस आम्ही पुरुष माणसं दोर ओढत बसलो होतो. साहेब उत्तर का देत नाही, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. साहेब आहे म्हणजे उत्तर देणारच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुपार सरता सरता रामगोंडाचं काम संपत आलं. लाल खुंटीपाशी दुर्बीण उभी होती. तो ती पलीकडच्या खुंटीवर रोखायचा, मग किंचित फिरवायचा, गडी साखळीचं माप धरून काचेतल्या रेषेत यायचा आणि खुंटी मारायचा. पुन्हा तेवढीच फिरवायची, पुन्हा खुंटी. एकेक खुंटी सरळ रेषेपासून थोडी थोडी आत येत होती. कुणी वाकवली नाही, कुणी ओढली नाही, आणि तरी ती रांग वस्तीला बाहेरून कवेत घेत गेली. शेवटची खुंटी ज्या जागी मारायची तिथं दुसरी लाल खुंटी आधीच उभी होती. गड्यानं तिच्यावर हात ठेवून ओरडून सांगितलं तसा रामगोंडा पहिल्यांदा हसला. तिवडा कुठंच नव्हता, आणि वळण समोर होतं.

हसून झाल्यावर त्यानं मावळतीकडं पाहिलं आणि सायकलकडं निघाला. काकी आडवी आली.

"सायब, कवठ्याला कशाला जाताय? त्रिशलाबाईनं तुमचं जेवान केलंया. पानी बी गाळून ठिवलंया. दिस अजून वर हाय, सावकास जेवा."

माणसाचा चेहरा एवढा बदललेला मी क्वचित पाहिला आहे. दुकानाच्या पडवीत पाट मांडला होता. रामगोंडा घाई न करता जेवला. ताक प्यायला. हात धुऊन, मागं टेकून बसला आणि म्हणाला, "विचारा, बाई. काहीतरी विचारायचंय तुम्हाला."

वस्ती पडवीबाहेर दाटली होती. काकी खांबाला धरून उभी राहिली.

"माजं घर पाडनार हाय का?"

"तुमचं घर? कशाला?"

"तिवड्यासाठनं."

"कसला तिवडा?"

मग काकीनं तात्याकडं बघितलं आणि तात्याला सगळं सांगावं लागलं. रूळ, दोरी, बर्मा, सगळं. सांगताना त्याचा आवाज एकेक वाक्याला बारीक होत गेला. रामगोंडा शेवटपर्यंत ऐकत राहिला. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"अहो, मी दिवसभर केलं ते काय होतं?" तो म्हणाला. "मी वळणाच्या काठावर उभा राहतो. दर वेळी सारखंच वळायचं आणि सारखंच पुढं जायचं. असं करत गेलं की गोल आपोआप होतो. मध्य असतो, नाही असं नाही. पण तिथं माझं काही काम नसतं. तिथं कोण राहतं, काय करतं, मला बघायची गरजच नाही."

"म्हंजी पाडत न्हाई," काकी म्हणाली.

"तुमच्या भिंतीला हातसुद्धा कुणी लावणार नाही."

काकी खांबाला धरूनच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. इतके दिवस ती एकदाही रडली नव्हती. त्रिशलानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर कुणी कुणाकडं बघेना. ज्यांनी ओट्यावर बसून तिला समजूतदारपणा शिकवला होता ते एकेक करून बैलांना पाणी दाखवायला निघाले. त्या दिवशी आमचे बैल भरपूर पाणी प्यायले.

मनुबाई मात्र हलली नाही. ती आपल्या घराकडं बघत होती. चार भिंती आणि वर आभाळ.

दुसऱ्या दिवशी तात्या गाड्या जुंपून कुपवाडला गेला. परत आला तो मोकळ्या गाड्या घेऊन. मेव्हण्यांनी तुळया बसवून नवं माजघर बांधून टाकलं होतं. तुम्हीच दिल्या, आम्हाला वाटलं बहिणीकडून आहेर आला, असं ते म्हणाले. आणि बहिणीचा आहेर कुणी परत मागतं का, असं वर त्यांनीच विचारलं.

मिरग तोंडावर आला होता. तात्याची चार पोरं, म्हातारी शेळी, भांडीकुंडी सगळं उघड्यावर. तोंडानं सगळ्या वस्तीवर सत्ता गाजवलेला माणूस भिंतीच्या सावलीला बसून होता. एकाही घरातून हाक येईना, कारण प्रत्येकाच्या घरात त्यानं नाही तर दुसऱ्या कुणीतरी खुंटी ठोकली होती आणि मनं तुटली होती.

काकी बोळातून आली. तात्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "मनु," ती म्हणाली, "पोरास्नी घिऊन ये. दोन खन तुमाला, एक मला. चूल माजीच ऱ्हाईल."

ते त्या घरात दीड वर्ष राहिले. ज्या घरावर त्याचा डोळा होता त्या घरात तात्या शेवटी शिरला, पण कसा, तर चपला बाहेर काढून. भाकरी मागताना त्याला "वैनी" म्हणावं लागायचं, आणि तीही ताट वाढायच्या आधी शेरडाला पाला घालायला सांगायची. शेरडू अजून त्याच खुंटीला बांधलेलं असायचं. तात्या पाला घालायचा. मला हे बघायला फार आवडायचं, आणि मी त्यासाठी उगाच बोळातून जायचो.

पुढच्या वर्षी राज्यं बदलली, हद्दी पुसल्या, आणि रस्ताही झाला. खडी पडली, रूळ फिरला, आणि तो कशालाही बांधलेला नव्हता. पहिली सर्व्हिस मोटार येणार म्हणून सगळी वस्ती काकीच्या अंगणात जमली. अंगण उंचावर आणि तिथून वळण पुरतं दिसायचं.

मोटार कवठ्याच्या बाजूनं सरळ येत आली, मोठी मोठी होत गेली, आणि लाल खुंटी होती त्या जागी वळायला लागली. तिथून पुढं ती मोठीही होईना आणि लहानही होईना. ओढ्याच्या अंगानं, नाथाजींच्या बांधापासून, बिराप्पाच्या माळापासून, ती तेवढीच राहून आमच्याभोवती फिरली. मग दुसऱ्या टोकाला सरळ झाली आणि लहान होत तासगावकडं गेली.

बाकीचे ओरडत होते. तात्या एकटा बोटानं हवेत ते वळण गिरवत होता. मग तो उठला, आतून काकीचा नाडा आणि वस्तीतून बाकीचे दोर घेऊन आला. जुन्या गाठींच्या खुणा दोरांवर अजून होत्या, तिथंच त्यानं पुन्हा गाठी मारल्या. शेरडाच्या खुंटीला त्यानं दोराचं टोक बांधलं आणि दुसरं टोक घेऊन रस्त्यावर गेला. वळणाच्या सुरुवातीला ताणून बघितलं. मध्यावर बघितलं. शेवटी बघितलं. सगळीकडं दोर रस्त्याच्या मधोमध पोचत होता, हातभर इकडं ना तिकडं. पलटणीनं त्याला आयुष्यात एकच गोष्ट धड शिकवली होती, उजवीकडं वळायची, आणि ती त्या दिवशी त्यानं अगदी बिनचूक केली होती.

तो पळत आला. घामानं निथळत होता, आणि चेहऱ्यावर मात्र पहिला नंबर आलेल्या पोराचा आनंद.

"वैनी, माजी खुंटी बराबर हुती. सबंद वस्तीत माजीच. मध्य हितंच हाय बगा, तुमच्या अंगनात."

काकी चुलीपुढून हलली नाही. भाकरी उलटली, बोटानं कड चाचपून बघितली आणि म्हणाली, "मग मी दुसरं काय म्हनत हुती, भावजी? मी हितं बसली हाय. तुमी फिरा."